खिडक्यांचा कारभारी

दोस्तांनो, सेवाग्रामहून एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण नववीत आहे. 'माझं नाव छापू नका' असं तिनं पत्राच्या शेवटी दोन रेघा मारून बजावलंय, म्हणून छापत नाही. पण पत्र मात्र आधी वाचाच.

'आमच्याकडे मामाच्या ऑफिसातून आलेला जुना कॉम्प्युटर आहे. मेमरी २ जीबी. त्यावरचं विंडोज इतकं हळू चालायचं, की बटण दाबून आई भाजी चिरायला बसायची. उन्हाळ्यात दादानं ते काढून डेबियन लिनक्स घातलं. कॉम्प्युटर पळायला लागला! पण दादानं त्यात "आय-थ्री" नावाचं काहीतरी लावून ठेवलंय. त्यात बटणं नाहीत, मेनू नाही, सगळं कीबोर्डवरून करायचं. दादा म्हणतो, खरे कॉम्प्युटरवाले हेच वापरतात. आता दादा कॉलेजसाठी नागपूरला गेला. आई बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायची, तिनं पुन्हा वही काढली. धाकटा भाऊ तिसरीत आहे, त्याला चित्रं काढायची असतात, पण काही उघडताच येत नाही. बाबा म्हणतात, दिवाळीपर्यंत कुणी वापरला नाही तर भंगारवाल्याला देऊन टाकू. काल मी पासवर्ड टाकायच्या पडद्यावर कोपऱ्यात क्लिक केलं, तर एक यादीच निघाली : एक्सएफसीई, आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स, आय-थ्री. यातलं कुठलं घेऊ? आणि हे असतं तरी काय?'

बघा, एका पत्रात दोन प्रश्न. मैत्रीण विचारते त्यातला दुसरा प्रश्न आपण आधी घेऊ. वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय ती निवडायची कशी?

कारभारी म्हणजे कोण?

कॉम्प्युटरवर तुम्ही हिशेबाचं पान उघडता, ते एका चौकटीत उघडतं. मग गाणं लावता, ते दुसऱ्या चौकटीत. या चौकटींना आपण खिडक्या म्हणतो. खिडकी सरकवता येते, मोठी करता येते, झाकून ठेवता येते. वरच्या पट्टीवरच्या फुलीवर टिचकी मारली की ती बंद होते. आता सांगा, ही सरकवासरकवी कोण करतं? हिशेबाचा प्रोग्रॅम? नाही. गाण्याचा? नाही, तोही नाही.

जुन्या वाड्यांत एक कारभारी असे. वाड्यात पाहुणे येत. कुणी माडीवर उतरायचं, कुणी ओसरीवर, कुणाला बैठकीत पुढं बसवायचं, हे पाहुणे ठरवत नसत. ते ठरवी कारभारी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रोग्रॅम हे पाहुणे असतात, आणि त्यांना जागा नेमून देणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याचं नाव 'विंडो मॅनेजर', म्हणजेच खिडक्यांचा कारभारी.

विंडोजमध्ये किंवा अॅपलच्या मॅकमध्ये कारभारी कंपनीनंच नेमलेला असतो. तो तुम्हाला आवडो न आवडो, वाड्याबरोबरच येतो. लिनक्समध्ये मात्र तो बदलता येतो. असं का, याची गोष्ट मजेची आहे.

१९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 'एक्स' नावाची एक व्यवस्था तयार झाली. पडद्यावर चित्र काढणं, आणि कीबोर्ड व माऊसकडून आलेला निरोप योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोचवणं, एवढंच तिचं काम. खिडकीला चौकट कशी असावी, ती कुठं बसावी, फुली डावीकडं असावी की उजवीकडं, हे आपण ठरवायचंच नाही, असं तिच्या कर्त्यांनी मुद्दाम ठरवलं. ते काम त्यांनी दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलं. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि तीच पुढं अनेक वर्षं टिकली.

पुढं १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. लिनक्सवर पडद्याची व्यवस्था म्हणून 'एक्स' आलं, आणि त्याबरोबर कारभारी बदलण्याची सोयही आली. मग काय! ज्याला जसा हवा तसा कारभारी तो लिहू लागला. १९९३ साली 'एफव्हीडब्ल्यूएम' आला. आधीच्या कारभाऱ्याला मेमरी फार लागते म्हणून तो हलका करून लिहिला होता. त्याच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ काय, यावर तो वापरणारी मंडळी आजही गमतीनं वाद घालतात! १९९७ साली 'आइसडब्ल्यूएम' आला, २००२ साली 'ओपनबॉक्स', २००९ साली 'आय-थ्री'. आपल्या मैत्रिणीला दिसलेल्या यादीतली ही नावं अशी एकेक करून जन्माला आलेली आहेत.

कारभारी रजेवर गेला तर काय होतं ठाऊक आहे? 'एक्स'वर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर विंडो मॅनेजर बंद पडला, तरी खिडक्या मरत नाहीत. तुमचं हिशेबाचं पान तसंच राहतं. फक्त खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या गळून पडतात, फुली नाहीशी होते, आणि खिडकी जिथं असेल तिथंच अडकून बसते. पाहुणे सगळे जागच्या जागी, पण 'जरा सरकून घ्या' असं सांगायला कुणी नाही!

एकटा कारभारी की सगळा संसार?

आता मैत्रिणीच्या यादीकडं पुन्हा बघू. त्या यादीत एक गडबड आहे. चार नावं एकाखाली एक लिहिलेली असली तरी ती एका जातीची नाहीत.

आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स आणि आय-थ्री हे नुसते कारभारी आहेत. एक्सएफसीई मात्र अख्खा संसार आहे. त्यात कारभारी आहेच, शिवाय फायली ठेवायचं कपाट आहे, खालची पट्टी आहे, घड्याळ आहे, आवाज कमीजास्त करायचं बटण आहे, भिंतीवरचं चित्र बदलायची सोय आहे. अशा संसाराला 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. एक्सएफसीई १९९६ साली सुरू झालं. त्याच वर्षी केडीई सुरू झालं आणि १९९७ साली ग्नोम. केडीई आणि ग्नोम हे मोठे संसार. एक्सएफसीई त्यांच्यापेक्षा आटोपशीर, जुन्या मशीनलाही झेपणारा.

कारभाऱ्यांच्याही तीन तऱ्हा असतात.

पहिली तऱ्हा 'ढिगाची'. अभ्यासाच्या टेबलावर आपण एका वहीवर दुसरी वही टाकतो, खालची अर्धी झाकते, हवी ती ओढून वर घेतो. आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स आणि एक्सएफसीईचा कारभारी असेच वागतात. आपल्यातल्या बहुतेकांना हीच सवय असते. पण त्यांच्यातही फरक आहे. आइसडब्ल्यूएममध्ये खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनूचं बटण तयार असतं, त्यामुळं जुनं विंडोज वापरलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. ओपनबॉक्स सुरू केला तर नुसता मोकळा पडदा दिसतो! बिचकायचं नाही. माऊसचं उजवं बटण दाबलं की मेनू निघतो.

दुसरी तऱ्हा 'फरशीची'. शहाबादी फरशी बसवताना गवंडी एका फरशीवर दुसरी ठेवत नाही. शेजारी शेजारी, कडेला कड लावून बसवतो. आय-थ्री तसा आहे. एक खिडकी उघडली की ती सगळा पडदा व्यापते. दुसरी उघडली की दोघींत अर्धा अर्धा. कुणी कुणाला झाकत नाही. हात कीबोर्डवरून न उचलता सगळं करता येतं. दिवसभर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं. पण त्यासाठी किल्ल्यांच्या जोड्या पाठ असाव्या लागतात. आईला त्या कुणी सांगितल्याच नाहीत!

तिसरी तऱ्हा 'पाटीची'. एका वेळी एकच खिडकी, पूर्ण पडदाभर. पाटीवर आपण गणित सोडवतो, ते पुसतो, मग चित्र काढतो, तसं. मोबाइलवर आपण बहुतेक वेळ हेच करतो. या तऱ्हेची एक गोष्ट पुढं येणार आहे.

एक लाख रुपयांच्या अटी

आता पहिला प्रश्न : यातला कुठला घ्यायचा?

असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात. 'हा सगळ्यात हलका.' 'तो सगळ्यात देखणा.' 'हुशार लोक अमुकच वापरतात.' प्रत्येक जण आधी नाव घेतो आणि मग त्याची कारणं शोधतो. निवड उलट्या टोकाकडून करायची असते. ती कशी करावी याचा एक नमुना आपल्या मैत्रिणीच्या घरापासून फार दूर नाही.

वर्ध्याला 'मगन संग्रहालय' आहे. सेवाग्रामपासून साधारण ८ किलोमीटर. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलंय. शाळेच्या सहलीबरोबर तुमच्यापैकी काही जण तिथं गेलेही असतील. तिथं तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. चरखा म्हणजे एकच वस्तू असं आपल्याला वाटतं, पण तसं मुळीच नाही. मोठ्या चाकाचा चरखा घरात एका जागी बसून चालवायचा. पेटीचरखा मिटला की पेटी होते, प्रवासात हातात घेऊन जाता येतो. टकळी तर खिशात मावते, म्हणून नई तालीमच्या शाळेत मुलं टकळीवर सूत कातायला शिकत. यातला चांगला कुठला? कातणारा कोण आणि तो कुठं बसणार, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

गांधीजी सेवाग्रामला आले १९३६ साली. त्याच्या आधीची, १९२९ सालची गोष्ट सांगतो. अखिल भारतीय चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. सुधारलेला चरखा बनवणाऱ्याला बक्षीस तब्बल १ लाख रुपये! त्या काळचे १ लाख, बरं का.

पण मला बक्षिसापेक्षा त्या स्पर्धेच्या अटी जास्त आवडतात. यंत्र हलकं हवं, सहज उचलून नेता यावं. भारतातल्या साध्या खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं सहज चालावं. एखाद्या बाईला त्यावर सलग ८ तास फार न थकता काम करता यावं. त्या ८ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. (१६,००० फूट म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर. सेवाग्रामहून धागा सोडत निघालात तर वर्ध्याच्या अर्ध्या वाटेपलीकडं जाल!) किंमत १५० रुपयांच्या वर नको. नीट देखभाल केली तर यंत्र २० वर्षं चालावं, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

नीट वाचा बरं. चाक केवढं हवं, लाकूड कुठलं हवं, याबद्दल या अटींत अक्षरही नाही. आहे ते काय? वापरणारी बाई. तिची झोपडी. तिचे ८ तास. तिचा खिसा. आणि बिघडलं तर काय, हा प्रश्न. यंत्र कुणी डोळ्यांनी पाहायच्या आधी अटी लिहिल्या गेल्या, आणि त्या वापरणारीच्या बाजूनं लिहिल्या गेल्या.

शेवटची एक अट तर आपल्या आजच्या विषयालाच येऊन भिडते. चरखा शोधून काढणाऱ्याला हवं तर त्याचं पेटंट घेता येत होतं. पण बक्षीस हवं असेल तर त्यानं पेटंटचे हक्क संघाच्या मंडळाकडं द्यायचे. म्हणजे सगळ्यांसाठी बनवलेला चरखा कुणा एकाच्या मुठीत राहायला नको. लिनक्स आणि हे सगळे कारभारी 'मुक्त' म्हणतात ते याच्याशी मिळतंजुळतं आहे. ते वापरायला, आतून कसे चालतात ते पाहायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळीक असते.

ते १ लाख रुपये अखेर कुणाला मिळाले नाहीत. अटी कडक होत्या. पण अटी कागदावर होत्या, म्हणून 'हे यंत्र छान दिसतंय, चला, हेच घेऊ' असं कुणाला म्हणता आलं नाही.

खैराटची पाटी

वापरणाऱ्याकडं बघून कारभारी निवडल्याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात खैराट धनगरवाडा नावाची छोटीशी वस्ती आहे. २००७ साली तिथल्या शाळेतल्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले. प्रत्येक मुलाला एक. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' नावाच्या जागतिक प्रयोगातला तो भाग होता. त्या लॅपटॉपचं नाव 'एक्सओ'.

एक्सओ आपल्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरपेक्षाही गरीब होता. मेमरी फक्त २५६ एमबी, म्हणजे तिच्या २ जीबीचा आठवा भाग! पडदा साडेसात इंचांचा. पण उन्हातसुद्धा वाचता येणारा. आत लिनक्सच होतं. मोठ्यांच्या ऑफिसातला पडदा मुलांना द्यायचा नाही, असं बनवणाऱ्यांनी ठरवलं आणि 'शुगर' नावाची नवी मांडणी केली. तिच्यासाठी सुरुवातीला नेमलेल्या कारभाऱ्याचं नाव होतं 'मॅचबॉक्स', म्हणजे काडेपेटी. हा मुळात हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी लिहिलेला. तो एका वेळी एकच खिडकी दाखवायचा. आपली पाटीची तऱ्हा!

शुगरमध्ये पडद्याच्या मधोमध एक छोटं मूल, आणि त्याच्याभोवती गोलात चित्रं : लिहिणं, रंगवणं, गाणं, मोजणं. चित्रावर टिचकी मारली की ते काम पडदाभर उघडतं. 'सेव्ह' करायची आठवण ठेवावी लागत नाही. केलेलं काम आपोआप रोजनिशीत जमा होतं. आजूबाजूच्या मुलांचे लॅपटॉप चालू असतील तर तेही पडद्यावर दिसतात, आणि दोघांतिघांना मिळून एकच चित्र काढता येतं.

एखाद्या इंजिनिअरला हे वापरायला दिलं तर तो अर्ध्या तासात वैतागेल. 'मला एका वेळी चार खिडक्या लागतात!' त्याचंही खरंच आहे. पण लॅपटॉप त्याच्यासाठी नव्हताच.

तुझी यादी

तर मग सेवाग्रामच्या मैत्रिणी, आता तुझ्या घराच्या अटी लिहू. तू पत्रात बऱ्याच दिलेल्याच आहेस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही.

एक : मेमरी २ जीबी, वाढवायला पैसे नाहीत.

दोन : आईला हिशेबाची फाइल कुणाला न विचारता उघडता आली पाहिजे, आणि काम झाल्यावर कॉम्प्युटर बंद करता आला पाहिजे.

तीन : भावाला चित्र दिसलं पाहिजे, त्याच्यावर टिचकी मारली की रंगवायचा प्रोग्रॅम सुरू झाला पाहिजे.

चार : मराठी टाइप करता आलं पाहिजे. ही अट विसरू नकोस. एक्सएफसीईसारख्या संसारात मराठी कीबोर्डची सोय एकदा लावली की ती दर वेळी आपोआप सुरू होते. नुसता कारभारी घेतलास तर ती सुरू करायची ओळ कधी कधी त्याच्या सुरुवातीच्या फायलीत आपल्यालाच लिहावी लागते. अवघड नाही, पण कुणीतरी ती लिहायला हवी.

पाच : वीज गेली आणि परत आली तर पडदा पहिल्यासारखा दिसला पाहिजे. दादाला नागपूरला फोन करावा लागता कामा नये.

आता या पाच अटी घेऊन यादीकडं बघ. आय-थ्री दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत गळतो. ओपनबॉक्स हलका आहे, पण मोकळा पडदा बघून आई पुन्हा वही काढेल. त्याचा मेनू तू मराठीत लिहून ठेवलास तर गोष्ट वेगळी. राहिले दोन : आइसडब्ल्यूएम आणि एक्सएफसीई. आइसडब्ल्यूएमला मेमरी कमी लागते, एक्सएफसीईमध्ये सोयी जास्त. २ जीबीत एक्सएफसीई सहसा चालतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून कर. फार रेंगाळलं तर आइसडब्ल्यूएमकडं ये.

दादावर मात्र रागावू नकोस. त्यानं निवडलेला कारभारी वाईट नाही. त्याच्या अटींना तो बरोब्बर बसतो. फक्त त्या अटी त्याच्या एकट्याच्या होत्या आणि कॉम्प्युटर चौघांचा आहे.

शिवाय दादाचा आय-थ्री काढून टाकायचीही गरज नाही! लिनक्समध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं. आईच्या नावाचं एक, भावाचं एक, तुझं एक, दादाचं एक. प्रत्येकानं आपल्या खात्यात शिरताना त्या कोपऱ्यातल्या यादीतून एकदा आपला कारभारी निवडायचा. कॉम्प्युटर तो बहुधा पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. दादा दिवाळीत घरी आला की त्याला त्याची फरशी, आईला तिचा ढीग.

निकाल घड्याळानं लावायचा

अटी लिहून झाल्या तरी काम संपत नाही. चरख्याच्या स्पर्धेतही यंत्र चालवूनच पाहायचं होतं. एकेका कारभाऱ्याला चार दिवस द्यायचे आणि वहीत नोंद करायची.

पहिली नोंद वेळेची. पासवर्ड टाकल्यापासून हिशेबाची फाइल उघडेपर्यंत किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून मोजायचं.

दुसरी नोंद मेमरीची. टर्मिनल उघडायचं आणि एफ, आर, ई, ई अशी चार इंग्रजी अक्षरं टाइप करायची. मग एक मोकळी जागा, एक आडवी रेघ, आणि एच. एंटर दाबलं की किती मेमरी वापरात आहे आणि किती शिल्लक, ते आकड्यांत दिसतं. दर वेळी कॉम्प्युटर नुकताच सुरू केलेला असताना मोजा, नाहीतर तुलना खोटी ठरेल.

इथं एक खरी गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं निराशा नको. हलका कारभारी घेतला की मेमरी वाचते, पण ब्राउझरमध्ये दहा पानं उघडी ठेवलीत तर वाचवलेली सगळी तिथंच उडून जाते. कारभारी काटकसरी आणि पाहुणे खादाड, असं झालं तर वाड्याचा खर्च कमी कसा होणार? नको असलेली पानं बंद करा. जुन्या मशीनचं आयुष्य त्यानंही वाढतं.

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. आईला खुर्चीवर बसवायचं. 'मागच्या महिन्याचा हिशेब उघड, एक नवीन ओळ भर, आणि कॉम्प्युटर बंद कर' एवढंच सांगायचं. आणि तू शेजारी बसायचं, दोन्ही हात पाठीमागं बांधून! माऊसला हात लावायचा नाही. 'अगं, तिथं नाही, वर, वर!' असंही ओरडायचं नाही. आई कुठं अडली, ते मुकाट्यानं वहीत लिहायचं. जिथं अडली तिथं दुरुस्ती कारभाऱ्यात करायची, आईत नव्हे. हिशेबाच्या फायलीचं चित्र मोठं करून पडद्यावर समोर ठेवायचं, बंद करायचं बटण डोळ्यांसमोर आणायचं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचं.

चार दिवसांनी आईनं स्वतःहून वही कपाटात ठेवली, तर तुझी निवड झाली असं समज. बाबांना वेगळं पटवावं लागणार नाही.

आणि निवड चुकली तर?

चुकली तर बदलायची. हाच या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा फायदा. कारभारी बदलला म्हणून हिशेबाची फाइल जात नाही, चित्रं पुसली जात नाहीत. पाहुणे तेच राहतात.

कधी कधी तर आपण बदलत नाही आणि कारभारीच बदलतो. २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. जुना मेनू गेला, खालची पट्टी गेली. पुष्कळांना ते रुचलं नाही. आपल्याकडं कंपनीनं असं केलं तर आपण दोन दिवस कुरकुरतो आणि मुकाट्यानं सवय करून घेतो. इथं तसं झालं नाही. ज्यांना जुनी मांडणी हवी होती, त्यांनी ग्नोम-दोनचा उघडा असलेला प्रोग्रॅम घेतला आणि पुढं चालू ठेवला. त्याचं नाव 'माटे'. दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाच्या नावावरून ठेवलेलं. तेही आज डेबियनवर घालता येतं.

वरच्या वर्गातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी आणखी एक सांगून ठेवतो. २००८ साली 'वेलँड' नावाच्या नव्या व्यवस्थेचं काम सुरू झालं आणि ती आता 'एक्स'ची जागा घेत चाललीय. तिच्यात पडदा रंगवणारा आणि खिडक्यांचा कारभारी असे दोन वेगळे नसतात, एकच प्रोग्रॅम दोन्ही कामं करतो. पण म्हणून निवड संपली असं नाही. आय-थ्री आवडणाऱ्यांसाठी वेलँडवर 'स्वे' आहे, इतरांसाठी इतर आहेत. नावं बदलतील. तुमच्या पाच अटींचा कागद मात्र तेव्हाही कामाला येईल.

या आठवड्याचा उद्योग

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनाही हा उद्योग करता येईल. घरातली सगळ्यांच्या वापरातली एक वस्तू घ्या : सायकल, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, आजीचा मोबाइल, काहीही. ती कोण कोण वापरतं, ते लिहा. मग प्रत्येकाला विचारा, 'तुला यात काय अडतं?' उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका! त्यावरून त्या वस्तूसाठी पाच अटी लिहा. वस्तूचं वर्णन नको, कंपनीचं नाव नको, फक्त वापरणाऱ्याची गरज.

कागद आमच्याकडं पाठवा. निवडक याद्या छापू. आणि सेवाग्रामच्या मैत्रिणी, तू मात्र वहीतल्या तिन्ही नोंदी पाठव, सेकंदांसकट. आई कुठं अडली, तेही लिही. दिवाळीच्या आधी हं!